पांढऱ्याचे दोन आकडे

खुशी, ट्यूबलाइट बंद कर आणि माझ्या टेबलावरचा हा दिवा लाव. तो पलंगाजवळचा नको, त्याचा उजेड पिवळट आहे. हा कामाचा दिवा आहे, याचा पांढरा खरा आहे, मी स्वतः मोजलेला. बस इथं, समोरच्या खुर्चीत. चहा मीच केलाय, घे सावकाश. तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती न अडखळता सांगायची आहे, म्हणून शेवटपर्यंत मधे काही विचारू नकोस.

माझं काम तुला ठाऊक आहे, आणि नाहीही. आई तर अजून पाहुण्यांना सांगते, आमची प्रणाली टीव्ही दुरुस्त करते. मी दुरुस्त काहीच करत नाही. लोक हौसेनं घरात थिएटर बांधतात, प्रोजेक्टर टांगतात, आणि मग त्यांना नटीचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा दिसायला लागतो. तेव्हा मला बोलावतात. मी पडद्यासमोर तिवईवर मीटर ठेवते, पडद्यावर नुसता पांढरा चौकोन टाकते आणि तो खरंच पांढरा आहे का ते मोजते. पांढऱ्याचे दोन आकडे असतात, तीनशे तेरा आणि तीनशे एकोणतीस. आधी शून्य आणि टिंब असतं, ते सोड. हे दोन आकडे जुळले की बाकीचे रंग आपोआप शहाण्यासारखे वागतात. जुळले नाहीत तर लाल, हिरवा, निळा कमीजास्त करत बसायचं. काम संपलं की कागदावर लिहून द्यायचं, की हा पडदा खरा आहे. खाली माझी सही.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी अकोल्याला गेले होते. तू तेव्हा कॉलेजच्या परीक्षेत होतीस. अकोल्याचं ऊन तुला सांगायला नको. मूर्तिजापूर सोडलं तेव्हा दहाच वाजले होते आणि गाडीच्या स्टिअरिंगला हात लाववत नव्हता. त्यात माझा काळा कुर्ता, काळी सलवार. अशा उन्हात काळे कपडे का घालते म्हणून तू नेहमी हसतेस. त्याचं कारण आज नीट ऐक, कारण पुढं ते लागणार आहे. अंधाऱ्या खोलीत पडद्याजवळ कोणी रंगीत कपडे घालून बसलं, की पडद्याचा उजेड त्या कपड्यावर पडतो आणि तिथून तो रंग परत पडद्यावर सांडतो. डोळ्याला कळत नाही, मीटरला कळतं. म्हणून मी काळं घालते आणि काम चालू असताना खोलीत कोणाला येऊ देत नाही.

घर गोरक्षण रोडला होतं, नवं कोरं. मालक नितेशभाऊ, त्यांचं शेतीच्या पंपांचं दुकान आहे. त्यांची बायको दामिनी, आणि वडील पुंजारामकाका. एवढीच माणसं. लहान बहीण चंदा लग्न होऊन धारणीला. दामिनीवहिनींनी पन्हं आणून दिलं आणि आम्ही बैठकीत बसलो.

"सगळं पिवळं दिसून राह्यलं ताई," नितेशभाऊ म्हणाले. "कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. तो म्हणे, मशीन ठीक आहे. बाबा म्हणतात, पडदा पिवळा हाय."

मला माझ्या जिभेचा राग येतो तो अशा वेळी. मी सवयीनं विनोद केला. म्हटलं, "काविळीच्या डोळ्याला सगळं पिवळंच दिसतं म्हणतात भाऊ. आधी कोणाचे डोळे तपासू, प्रोजेक्टरचे की तुमचे?"

कोणी हसलं नाही. दामिनीवहिनींचा ग्लास उचलायला गेलेला हात तसाच राहिला. पुंजारामकाका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, सडपातळ माणूस, पांढरा सदरा. ते उठले, "बरोबर बोलली पोरगी," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. काहीतरी फार वाईट बोलून बसले हे मला कळलं, काय ते कळेना.

नितेशभाऊंनी मला थिएटरच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. जेवणघराच्या मागं ती खोली. खिडकी एकही नाही, भिंती गडद राखाडी, दोन रांगांत आठ खुर्च्या. बाहेर अकरा वाजताचं ऊन मी मी म्हणत होतं आणि आत हाताला हात दिसत नव्हता. त्यांनी एक लहान दिवा लावला आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

पुंजारामकाकांचा दर्यापूरला फोटो स्टुडिओ होता, बत्तीस वर्षं. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांनी काढली. चंदाचं लग्न आलं तेव्हा दुसऱ्या कोणाच्या हाती कॅमेरा द्यायला ते तयार नव्हते. हळदीचं शूटिंग त्यांनीच केलं आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून रंगही त्यांनीच ठीक केले. हळदीच्या वेळी सगळंच पिवळं येतं, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. हळद, झेंडूच्या माळा, पिवळा मांडव. कॅमेरा फसतो. मग नंतर पिवळा काढायचा असतो, तसा त्यांनी काढला. फिल्म देखणी झाली, पाहुण्यांनी वाखाणली.

तीन आठवड्यांनी दुर्गाबाई, म्हणजे नितेशभाऊंची आई, भोवळ येऊन पडल्या. पित्ताच्या नळीत गाठ निघाली. फार उशीर झाला होता, त्या वाचल्या नाहीत. डॉक्टर सहज बोलून गेले, यांचे डोळे तर महिना-दीड महिन्यापासून पिवळे असतील, घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही का?

"तवापासून बाबाच्या डोक्यात एकच हाय," नितेशभाऊ म्हणाले. "हळदीच्या दिवशी माय पिवळी होती का? मले दिसाले पायजे होतं का? न सुधारलेली मूळ फिल्म त्याइनं कपाटात ठेवली, पाच वर्षं झाले, पाह्यली नाई. मी म्हटलं, बाबा, तवा तुमाले मोतीबिंदू होता. आता फाल्गुनात ऑपरेशन झालं. डोळे नवे झाले तं म्हणतात, आता पाहीन. पण टीव्हीवर नाई, टीव्ही खोटं बोलते म्हणतात. खऱ्या पडद्यावरच पाहीन."

मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "ताई, थोडं निळं वाढवून द्या. माय त्याइले पिवळी दिसलीच नाई पायजे. कागदावर मात्र बरोबर लिहा. तुमच्या कागदावर त्याइचा भरोसा हाय."

अकरा वर्षांत मी एकाही पडद्याला जाणूनबुजून खोटं बोलायला लावलं नव्हतं. पण मला आपल्या बाबांची आठवण झाली, खुशी. म्हाताऱ्या माणसाला उरलेली वर्षं सुखानं झोपू द्यावं, यात काय पाप आहे, असं वाटलं. मी हो म्हणाले.

सामान आणायला बाहेर आले तर दारात पुंजारामकाका उभे होते.

"पोरी, हा पडदा खरं बोलीन ना?"

"बोलेल, काका."

"लिहून देशीन?"

"देईन," मी म्हणाले. त्यांच्या नव्या डोळ्यांकडे मात्र मला बघवलं नाही.

मी एकटी आत गेले. दार लावलं. एसीचा हिरवा ठिपका, स्पीकरचा निळा ठिपका, सगळ्यांवर काळी टेप चिकटवली. प्रोजेक्टर अर्धा तास तापू दिला. मीटर तिवईवर ठेवून मी पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसले. पंख्याची बारीक घरघर सोडली तर आवाज नव्हता. पांढरा चौकोन टाकला.

तीनशे एक्कावन्न, तीनशे चौसष्ट.

चांगलाच पिवळा. म्हणजे काका म्हणत होते ते खरं होतं. मला बरंच वाटलं, कारण मशीनच चुकलेलं असेल तर माझं काम सरळ होतं. निळा वाढवला. आकडे उतरले, तीनशे तेराला आले, आणखी निळा दिला तर तीनशेच्याही खाली गेले. बास, एवढं निळं पुरे होतं. मी लिहून घ्यायला पेन उचललं आणि पुन्हा बघितलं तर तीनशे एक्कावन्न, तीनशे चौसष्ट.

असं कधीकधी होतं. मशीन नीट तापलेलं नसतं. मी पुन्हा निळा वाढवला. आकडे खाली गेले, मिनिटभर थांबले आणि परत वर आले, तिथंच. एक्कावन्न, चौसष्ट. मी चिडले. माझ्याजवळ दुसरा जुना मीटर असतो, तो लावला. त्यानंही तेच दाखवलं. मग निळ्याची पट्टी शेवटाला नेऊन भिडवली, लाल आणि हिरवा निम्म्यावर आणले. डोळ्याला तो पडदा आता निळाजांभळा दिसत होता. मीटर म्हणत होता, पिवळा.

मला वाटलं, खोलीत काहीतरी पिवळं आहे आणि त्याचा रंग सांडतोय. उठून दिवा लावला. राखाडी भिंती, काळ्या खुर्च्या, काळी मी. खुर्च्यांखाली वाकून बघितलं, पडद्याच्या मागं बघितलं. काही नाही. दिवा बंद करून बसले तेव्हा पहिल्यांदा तो वास आला. ओल्या हळदीचा, तेलात कालवलेल्या. जेवणघर शेजारीच आहे, दामिनीवहिनी स्वयंपाक करत असतील, असं स्वतःला सांगितलं. पण फोडणीतल्या हळदीचा वास वेगळा असतो आणि अंगाला लावायच्या हळदीचा वेगळा, हे तुलाही माहीत आहे.

मग मी प्रोजेक्टरच्या भिंगावर झाकण लावलं. खोली काळीकुट्ट झाली. आता मीटरला दिसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. लॅपटॉपचा उजेड मी ओढणीनं झाकला आणि एका फटीतून आकडा बघत राहिले. शून्य यायला हवं होतं. आलं नाही. अगदी थोडा उजेड त्याला दिसत होता, पिवळा. आणि तो स्थिर नव्हता. हळूच वाढायचा, हळूच कमी व्हायचा… परत वाढायचा. मी माझा श्वास रोखून पाहिला. उजेडाचा तो चढउतार चालूच राहिला.

तेव्हा मी घाबरले. इथंपर्यंत मी चिडलेली होते, आता घाबरले. उठून दाराकडं जायचं तर दोन्ही रांगा ओलांडून जावं लागणार होतं. मी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि तिवईवरचा मीटर हळूहळू फिरवायला लागले. पडद्यावरून भिंतीकडं, भिंतीवरून खुर्च्यांकडं. पहिली खुर्ची माझी, तिथं काही नाही. दुसरी… काही नाही. तिसऱ्या खुर्चीसमोर आकडा एकदम चढला.

तिसरी खुर्ची माझ्यापासून दोन हातांवर होती.

अंधारात तिकडून आवाज आला. फार बारीक. वाटीत काही ओलं कालवताना बोट वाटीच्या काठाला लागतं ना, तसा. एकदा… थांबून पुन्हा एकदा.

मी काय बोलले ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हणाले, "बरं… नाही वाढवत निळा. नाही वाढवत."

झाकण काढलं, सगळ्या पट्ट्या मूळ जागी आणल्या आणि पांढरा जसा लावायला हवा तसा सरळ लावला. खोटेपणा न करता. दहा मिनिटंही लागली नाहीत. तीनशे तेरा, तीनशे एकोणतीस. मी पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं थांबले. आकडा हलला नाही. वास मात्र होता.

दार उघडून मी पुंजारामकाकांना हाक मारली. ते हातात हार्ड डिस्क घेऊन दाराशीच बसले होते, रुमालात गुंडाळलेली. मागून नितेशभाऊ आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांचा चेहरा उतरला.

काका तिसऱ्या खुर्चीकडं गेले, क्षणभर उभे राहिले आणि चौथ्या खुर्चीत बसले. का, ते मी विचारलं नाही.

फिल्म सुरू झाली. अंगणात पाट, पाटावर चंदा, भोवती बाया, गाणं चाललेलं. सगळं पिवळंधमक. कॅमेरा फिरत फिरत एका बाईवर आला. पन्नाशीची, अंगानं वाळलेली, हातात हळदीची पितळी वाटी. गाल, हात, कपाळ हळदीनं माखलेलं. कॅमेऱ्यामागून काकांचा पाच वर्षांपूर्वीचा आवाज आला, "दुर्गे, इकडं पाह्य." तिनं वर बघितलं.

"थांबव," काका म्हणाले.

नितेशभाऊंनी चित्र थांबवलं. पडदाभर तो चेहरा. शेजारी चंदाचाही चेहरा होता, तोही हळदीनं माखलेला, पण तिचे डोळे पांढरे होते. हळद डोळ्यांत जात नाही.

मग काका म्हणाले, "पोरी… तुहा मीटर तिच्या डोळ्यावर लाव. बुबुळाच्या बाजूले. तुह्या डोळ्याले काय दिसते ते नको सांगू, आकडा सांग."

मी तिवई उचलून पडद्याजवळ नेली. माझ्या डोक्याएवढा तो डोळा होता. त्याच्या पांढऱ्यावर मी मीटर रोखला आणि लॅपटॉपकडं बघितलं.

तीनशे एक्कावन्न, तीनशे चौसष्ट.

मला तो आकडा मोठ्यानं वाचावा लागला. दोनदा वाचला. काकांना आकड्यातलं किती कळलं माहीत नाही, पण बत्तीस वर्षं रंगांत काढलेला माणूस तो. "पिवळी होती," ते म्हणाले. "सुरू कर नितेश."

चित्र पुन्हा हललं. दुर्गाबाई कॅमेऱ्याकडं बघत होत्या, थोड्या हसत, थोड्या थकलेल्या. नंतर काढून टाकलेला हा भाग असणार, कारण नितेशभाऊंनीही तो पहिल्यांदाच ऐकला. त्या म्हणाल्या, "असं काय पाहून राह्यले? मी बरी दिसतो ना?"

आणि कॅमेऱ्यामागचे काका हसून म्हणाले, "लय पिवळी दिसून राह्यली तू. राहू दे, मी पुसून टाकीन नंतर."

मग दुर्गाबाईंनी वाटीत बोट बुडवलं, "तुमालेबी लावतो" म्हणत बोट पुढं आणलं, आणि पडदा सगळा पिवळा होऊन फिल्म संपली.

नितेशभाऊ रडत होते. काका नव्हते रडत. ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसले होते आणि म्हणत होते, "पाह्यलं… पाह्यलं मी. उशिरा पाह्यलं." माझ्यानं तिथं उभं राहवेना. मी सामान आवरलं, कागदावर आकडे लिहिले, सही केली. पडदा खरा आहे. निघताना काका बाहेर पडवीपर्यंत आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, पिवळं दिसलं तं पुसू नको."

मी हो म्हणाले. चप्पल घातली आणि नेहमीच्या सवयीनं आत वळून म्हणाले, "येते."

"येतो," आतून कोणीतरी म्हणालं.

गाडी सुरू करेपर्यंत मी त्याचा विचारच केला नाही. पुरुषाचंच बोलणं ते, नितेशभाऊ असतील. फाटकातून बाहेर पडताना पाहिलं, तर नितेशभाऊ काकांच्या शेजारी पडवीतच उभे होते, दामिनीवहिनी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होत्या. घरात कोणी नव्हतं. आणि मग आठवलं की आपल्याकडं जुन्या बायाही ‘मी जातो, मी येतो’ असंच म्हणतात. मी बरी दिसतो ना, असंच.

बडनेऱ्यापर्यंत गाडीत हळदीचा वास होता. घरी येऊन बॅग उघडली तर मीटरच्या काळ्या टोपणावर वाळलेल्या हळदीचा ठसा, एका बोटाचा. मी स्पिरिटनं पुसला. तुला काहीच सांगितलं नाही, कारण तू भित्री आहेस आणि मी तुझ्याहून भित्री आहे.

दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात परतवाड्याला एका निवृत्त मास्तरांकडं काम होतं. त्यांचा मुलगा शिवम दारावर पाहुण्यांची वाट बघत होता, मी आत पडदा लावत होते. सगळे आकडे जुळले होते. मास्तर काठी टेकत आत आले आणि माझ्या मागं खुर्चीत बसले. पांढरा लेंगा, पांढरी बंडी. वास आला आणि आकडा चढला. एक्कावन्न, चौसष्ट. मी म्हटलं, मास्तर, जरा बाहेर बसता का? ते गेले आणि आकडा उतरला. मी काय बोलणार होते खुशी? तुमचं रक्त तपासून घ्या, माझा मीटर सांगतो, असं? मी बोलले नाही. बारा दिवसांनी शिवमचा फोन आला की बाबा गेले, कावीळ झाली होती, कोणाच्या लक्षातच आलं नाही.

त्या रात्री मी झोपले नाही हे तुला आठवत असेल. तू विचारलंस आणि मी डोकं दुखतंय म्हणाले.

आता कालचं. काल दुपारी मी याच टेबलावर, याच दिव्याखाली, कोऱ्या कागदावर मीटर तपासत होते. तीनशे तेरा, तीनशे एकोणतीस. तू दार उघडून आत आलीस, "ताई, जेवतेस का?" म्हणालीस आणि याच खुर्चीत बसलीस. वास आला. मी मनाशी म्हटलं, स्वयंपाकघरातला आहे. मग आकडे बघितले.

आणि मी काय केलं, सांगू? या दिव्याला उजेड कमीजास्त निळा करायची ही बारीक कळ आहे. मी ती फिरवली. आकडा खाली येईपर्यंत फिरवत राहिले. तुला म्हणाले, तू वाढ, मी आलेच. तू गेल्यावर आकडा बरोबर आहे असं स्वतःला सांगून मीटर बॅगेत टाकला. ज्याच्या डोळ्यांत मला बघवलं नव्हतं, त्या म्हाताऱ्यानं केलं तेच मी केलं, आणि माझ्या डोळ्यांत तर मोतीबिंदूही नाही.

पंधरा दिवस झाले तू अर्धी पोळी टाकून उठतेस. उन्हाळ्यानं भूक मरते, असं मीच तुला म्हणाले. जिना चढून आलीस की बसून राहतेस, त्यावर मी तुला आळशी म्हणाले. उद्या सकाळी साडेनऊची डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आपण दोघी जातोय. रडू नकोस. मास्तरांसारखं काही नसेल, साधी कावीळही असते, औषधानं जाते. वेळेवर कळली की सगळं जातं. पण त्याआधी मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. कळ मी परत जागेवर आणून ठेवली आहे, हा उजेड आता खरा आहे.

मान वर कर. दिव्याच्या अजून जवळ ये. छताकडं बघ, डोळे मिटू नकोस, खालची पापणी मी ओढते…

थांब. तुझ्या गालाला हे पिवळं काय लागलंय? आज सकाळपासून मी तुला स्वयंपाकघरात पाऊलही टाकू दिलेलं नाही. आत्ता चहा हातात दिला तेव्हा तुझा गाल स्वच्छ होता. हे बोट कोणाचं…

नको, हात लावू नकोस. पुसू नकोस.